शांत दिवसांची वही: तळं असलेल्या ज्वालामुखीवर आणि आपल्या भुईवर नजर कशी ठेवायची

२१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांत भुई हलली. तीव्रता ४.५, केंद्र कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरकडे. माणसं सावरतात न सावरतात तोच काही मिनिटांत ३.६ चा दुसरा धक्का. वसमत तालुक्यातलं आमचं सगळं गाव रस्त्यावर आलं. शाळेच्या फाटकापाशी एक आजी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, भुईत काय व्हायलंय? ज्वालामुखी तर न्हाई ना निघायचा?"

मी म्हटलं, "नाही आजी, तसलं काही नाही." पण त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मंग ह्याच्याआधी किती बार झालं असं? वाढायलंय का कमी व्हायलंय?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून आवाज येतात हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत होतो, पण कोणत्या महिन्यात किती वेळा, याची नोंद आमच्यापैकी कुणाकडे नव्हती. त्या दिवसापासून शाळेत तीन वह्या सुरू झाल्या. एक न्यूझीलंडमधल्या एका ज्वालामुखीची, एक आमच्या विहिरीची आणि एक गावातल्या हादऱ्यांची. हा लेख त्या वह्या कशा ठेवायच्या याबद्दल आहे. भूगोलाचे शिक्षक, विज्ञान मंडळातली मुलं, ग्रामपंचायतीतली हौशी मंडळी, कुणालाही हे करता येईल.

आधी ज्वालामुखीची शंका मिटवू. मराठवाड्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्हाचाच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलांब भेगांतून तो थरावर थर पसरला, आणि त्याच थरांत पुढे अजिंठा-वेरूळ कोरलं गेलं. ते प्रकरण तेव्हाच थंडावलं. आज भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. आपल्याकडचे हादरे खडकातल्या जुन्या भेगा सरकल्यानं येतात. केंद्र उथळ असलं आणि वर सलग कठीण बेसाल्ट असला की त्या कंपनाचा काही भाग हवेत उतरतो आणि कानाला गडगडाट, सुरुंग उडाल्यासारखा आवाज येतो. गूढ म्हणतात तो हाच.

मग ज्वालामुखीची वही कशासाठी? कारण 'किरकोळ अस्वस्थता' ही गोष्ट जगात सगळ्यात चिकाटीनं जिथे टिपली जाते, ती जागा म्हणजे विवरात तळं असलेले ज्वालामुखी. खालून उष्णता, वायू, कंपन काहीही वर आलं तरी वाटेत तळं असतं आणि ते काही ना काही खूण दाखवतं. ती खूण वाचायला शिकलात की आपल्या गावातली खूण वाचायची शिस्त आपोआप येते.

कोणता ज्वालामुखी निवडायचा

आम्ही रुआपेहू निवडला. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचा हा डोंगर २,७९७ मीटर उंच आहे आणि माथ्यावरच्या विवरात आम्लाचं तळं आहे. तिथले माओरी लोक त्याला 'ते वाई आ-मोए' म्हणतात. निवडीचं कारण साधं आहे: जिओनेट हा तिथला सरकारी निरीक्षण प्रकल्प तळ्याचं तापमान, कंपनाचे आलेख, कॅमेऱ्याची चित्रं आणि शास्त्रज्ञांची निवेदनं सगळ्यांसाठी मोफत खुली ठेवतो. मोबाइलवर दिसतात. इंग्रजी निवेदनं मुलांना सुरुवातीला जड जातात, पण तेच पंधरा-वीस शब्द परत परत येतात, महिनाभरात सवय होते.

तिथे इशाऱ्याच्या सहा पातळ्या आहेत, ० ते ५. शून्य म्हणजे शांत, १ म्हणजे किरकोळ अस्वस्थता, २ म्हणजे मध्यम ते वाढलेली अस्वस्थता, आणि ३, ४, ५ म्हणजे प्रत्यक्ष उद्रेक: लहान, मध्यम, मोठा. मुलांना पहिल्याच दिवशी पक्कं सांगायचं की ही पातळी आजची स्थिती सांगते, उद्याचं भाकीत करत नाही. २५ सप्टेंबर २००७ ला रुआपेहूचा स्फोट झाला तेव्हा पातळी १ होती. तळंही तापलेलं नव्हतं. माथ्याजवळच्या निवाऱ्यात थांबलेला एक गिर्यारोहक त्यात गंभीर जखमी झाला. आणि न्यूझीलंडच्याच व्हाकारी या ज्वालामुखी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला स्फोट झाला तेव्हा पातळी २ होती, तीन आठवडे आधीच वाढवलेली. तरी त्या वेळी ४७ माणसं बेटावर होती आणि त्यांतली २२ गेली. पातळी १ आहे म्हणून बिनघोर राहायचं नाही, आणि २ झाली म्हणून उद्याच फुटेल असंही नाही.

वही आखणे

दोनशे पानी वही, आडवी धरून. रकाने असे: तारीख, वेळ, तळ्याचं तापमान, कंपन, कॅमेऱ्यात काय दिसलं, हवामान, जाहीर पातळी, कुणी लिहिलं. शेवटचा रकाना टाळू नका. ज्यानं लिहिलं त्यालाच पुढे विचारता येतं.

वेळेचा घोळ सगळ्यांचा होतो. शास्त्रीय आलेख बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. न्यूझीलंडचं घड्याळ आपल्याहून साडेसहा तास पुढे असतं आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेसात. आम्ही ठरवलं की वहीत फक्त जागतिक वेळ लिहायची. ऋतूही उलटे आहेत. आपल्याकडे मार्गशीर्षाची थंडी असते तेव्हा तिथे उन्हाळा असतो आणि विवराच्या कडेचं बर्फ वितळून तळ्यात उतरत असतं.

नोंद आठवड्यातून दोनदा पुरे, पण ठरल्या दिवशी. काही घडलं नाही तरी "काही नाही" असं लिहायचंच. मला वाटतं, सगळ्या कामात अवघड भाग हाच आहे. पहिले दोन महिने मुलांचा उत्साह असतो, मग तेच तापमान, तेच "ढग, काही दिसत नाही" लिहून कंटाळा येतो. त्यांना एवढंच सांगा की या कंटाळवाण्या पानांशिवाय पुढच्या एकाही आकड्याला अर्थ नाही. डॉक्टर ताप बघतात तेव्हा त्यांना माणसाचं नेहमीचं अंग किती गरम असतं ते ठाऊक असतं. डोंगराचं नेहमीचं अंग आपणच वहीत उतरवायचं असतं.

तापमान वाचणे, आणि आधी आपल्या विहिरीत मोजणे

रुआपेहूचं तळं साधारण १५ ते ४० अंशांच्या दरम्यान वर-खाली होत राहतं. काही महिने तापतं, काही महिने निवतं. म्हणजे ३५ अंश हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो ३० वरून चढून आलाय की ४० वरून उतरून, किती दिवसांत आणि सोबत कंपन कसं आहे, हे बघायचं. गार तळंही दर वेळी चांगलं लक्षण नसतं. खालून वायू येण्याची वाट घट्ट बंद झाली तर उष्णता वर येत नाही, तळं निवत जातं आणि झाकणाखाली दाब साठतो. वाफेचं भोक बंद झालेला कुकर बाहेरून शांतच दिसतो.

हे पडद्यावर बघून मुलांच्या अंगी लागत नाही. म्हणून आधी विहीर.

०.१ अंश दाखवणारा, टोकाला सळई असलेला डिजिटल तापमापक घ्या. एका भांड्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा, पाच मिनिटं थांबा आणि सळई बुडवा. शून्य दाखवायला पाहिजे. ०.४ दाखवत असेल तर तेवढा फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि दर वाचनातून वजा करा.

मग जाड प्लास्टिकची एक लिटरची बाटली घ्या, तिला बाहेरून गोणपाट गुंडाळा. बुडाला दगड बांधा, गळ्याला सुताची दोरी. दोरीवर दर मीटरला लाल दोऱ्याची गाठ मारा. बाटली ठरल्या खोलीवर सोडून दहा मिनिटं राहू द्या, मग झरझर ओढून सावलीत ठेवा आणि लगेच सळई घाला. गोणपाटामुळे वर येईपर्यंत पाण्याचं तापमान फारसं बदलत नाही. बाटली ओढताना विहिरीच्या कठड्याला पोट टेकवून उभं राहायचं, एकट्या मुलानं विहिरीवर जायचं नाही, सोबत मोठं माणूस पाहिजेच.

पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही इथे चुकलो. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी दोन आठवड्यांत तीन अंशांनी चढलेलं दिसलं. मुलं घाबरीघुबरी झाली, दोघांनी घरी सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत 'विहिरीचं पाणी तापायलंय' हे गावभर झालं. नीट बघितल्यावर कळलं की दोन चुका एकावर एक बसल्या होत्या. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं आणि आम्ही खोली कठड्यापासून मोजत होतो. त्यामुळे चार मीटर पाण्याखाली राहणारी बाटली आता अगदी वरच्या थरात तरंगत होती. शिवाय शाळा सकाळची झाल्यामुळे मोजमाप सुट्टीनंतर, बारा वाजता व्हायला लागलं होतं. वरचा थर उन्हानं तापतोच. त्या दिवसापासून तापमानाआधी पाण्याची पातळी लिहायची, खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजायची आणि वेळ सकाळी सातची, हे नियम झाले. घरोघरी जाऊन चूक सांगून आलो, तेही वहीत लिहिलंय.

रुआपेहूच्या वहीत हाच धडा जसाच्या तसा लागू पडतो. तिथेही तळ्याची पातळी, बर्फ वितळणं, पाऊस यांच्याशिवाय तापमानाचा आकडा अर्धवट असतो.

विहिरीचा हात बसला की एक सहल किनवट तालुक्यातल्या उनकेश्वरला काढा. तिथले गरम पाण्याचे झरे मराठवाड्यातलं उत्तम प्रयोगस्थळ आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खोलवरच्या उष्णतेनं तापतं आणि पुन्हा वर येतं. त्याला ज्वालामुखी लागत नाही. देवस्थानच्या मंडळींची परवानगी घ्या, कुंडात न उतरता मोजा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी पुन्हा मोजा.

पाण्याची चव: आम्ल, क्षार आणि एक गुणोत्तर

विवरातल्या तळ्यांचं पाणी भयंकर आम्ल असतं. पीएच हा आम्ल-क्षार मोजायचा आकडा: ७ म्हणजे शुद्ध पाणी, त्याहून कमी म्हणजे आम्ल, जास्त म्हणजे क्षार. रुआपेहूचा पीएच १ च्या आसपास, कोस्टा रिकातल्या पोआस ज्वालामुखीच्या तळ्याचा तर शून्याच्या जवळ मोजला गेलाय. खालून येणारे गंधकाचे आणि क्लोरिनचे वायू पाण्यात विरघळून आम्ल बनवतात.

हे समजायला आपल्या वसमतच्या हळदीइतकं सोयीचं काही नाही. दोन चमचे हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवा, टिपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवा. साबणाच्या पाण्यात पट्टी लालसर तपकिरी होते. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तीच ही क्रिया. पण हळद फक्त क्षार ओळखते, आम्लात पिवळीच राहते. त्यासाठी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंग काढा. लिंबू पिळलं की तो रंग लालभडक होतो, खाण्याचा सोडा घातला की हिरवट.

या पट्ट्या घेऊन लोणारला गेलात तर मुलांच्या डोक्यातला मोठा गैरसमज एका मिनिटात जातो. लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे, आपल्या जालन्याला लागूनच. गोल विवर, मध्ये तळं, त्यामुळे अनेकांना ते ज्वालामुखीचं वाटतं. पट्टी लाल होते. पाण्याचा पीएच १० च्या आसपास, म्हणजे चांगलंच क्षारयुक्त. ते विवर उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये पडलेलं आहे, खाली कुठला वायू नाही. तो परिसर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), म्हणून नमुना घ्यायचा तर आधी वन विभागाला विचारा.

आता शास्त्रज्ञ करतात ते. ते आम्लाबरोबरच मॅग्नेशियम आणि क्लोराइड मोजतात आणि दोघांचं गुणोत्तर काढतात. क्लोराइड वायूबरोबर येतो. मॅग्नेशियम गरम आम्लानं ताजा खडक झिजवला की पाण्यात उतरतं. गुणोत्तर वाढलं तर खाली पाण्याला नवा गरम खडक भेटल्याचा संशय घेतात. गुणोत्तरच का? वरणात पाणी वाढवलं तर मीठही पातळ होतं आणि हळदही, पण मिठाला हळद किती हे प्रमाण तेच राहतं. पाऊस पडला, बर्फ वितळलं तरी गुणोत्तर हलत नाही. म्हणून निवेदनात हा शब्द दिसला की तो आकडा वहीत लाल शाईनं लिहा.

रंग, वाफ, पातळी

कॅमेऱ्याच्या चित्रात तीन गोष्टी बघा: पाण्याचा रंग, मधोमध करड्या रंगाची उकळी फुटल्यासारखा डाग आणि पिवळट गंधकाचे तवंग. करडा डाग म्हणजे तळाचा गाळ वर ढवळला जातोय. पाणी एकदम निळं-हिरवं झालं तर उलट, खालचा प्रवाह थंडावला असण्याची शक्यता.

रंगावरून घाईनं निष्कर्ष मात्र काढू नका. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा नाही नाही ते बोललं गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तर खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव निघाले. पाणी आटून क्षार वाढले होते, एवढंच. वाफही तशीच, थंड सकाळी थोडीशी वाफ फार मोठी दिसते. म्हणून हवामानाचा रकाना.

कंपन

मुलांना इथे सगळ्यात जास्त गोडी लागते. ज्वालामुखीखाली दोन तऱ्हेची कंपनं होतात. एक म्हणजे खडक तडकल्याचा धक्का: आलेखात एकदम उंच उठतो आणि हळूहळू विरतो, दार आपटल्यासारखा. दुसरी सलग थरथर, तासन् तास, कधी दिवसेंदिवस चालणारी, आलेखात जाड रेघेसारखी दिसणारी. गावातली पिठाची गिरणी चालू असताना तिच्या मागच्या भिंतीला तळहात लावून बघा. तसं. वायू आणि गरम पाणी भेगांतून वाट काढत असलं की ही थरथर येते.

आमच्या मुलांनी खरोखरच गिरणीच्या भिंतीला हात लावून, मग आलेख बघितला. दळणाऱ्या काकूंनी पट्टा सैल केला, थरथर मंदावली. एक मुलगी म्हणाली, "सर, जाड रेघ बारीक झाली." त्या दिवसानंतर जाड रेघ कुणाला समजवावी लागली नाही.

पण जाड रेघ वाऱ्यानंही येते. डोंगरमाथ्यावर वादळ असलं की यंत्र थरथरतंच. म्हणून एकाच केंद्राचा आलेख बघून काही लिहू नका, शेजारच्या दुसऱ्या केंद्राचाही बघा आणि त्या दिवशीचं तिथलं हवामानही.

२०२२ सालची रुआपेहूची नोंद सरावासाठी उत्तम आहे. त्या मार्चमध्ये थरथर खूप वाढली, तळं तापत चाललं होतं आणि २१ मार्चला पातळी १ वरून २ केली गेली. तळं पुढे चाळिशीला पोचलं. मग सगळं हळूहळू ओसरलं आणि जुलैमध्ये पातळी परत १ झाली, उद्रेक न होताच. मुलांना हे जुने आकडे एकेक आठवडा झाकून द्या आणि दर वेळी विचारा, आता तुम्ही काय कराल. बहुतेक मुलं दुसऱ्याच आठवड्यात डोंगर फोडून मोकळी होतात.

वायू आणि जमिनीची फुगवट

या दोन्ही गोष्टी आपण मोजू शकत नाही, फक्त निवेदनातून उतरवून घ्यायच्या. वायूंपैकी कार्बन डायऑक्साइड शिलारसातून खोलवरच सुटतो, सल्फर डायऑक्साइड शिलारस वर आल्यावर जास्त. त्यामुळे दोघांच्या प्रमाणावरून शिलारस कुठे आहे याचा अंदाज बांधतात. तळं असलेल्या ज्वालामुखीत एक मेख आहे: सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो. वर कमी दिसला म्हणजे खाली कमीच आहे असं नाही. आणि कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही. कॅमेरूनमधल्या न्योस तळ्यातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम बाहेर पडला, हवेहून जड म्हणून दऱ्यांतून वाहत गेला आणि सतराशेच्या वर माणसं झोपेतच गेली. उद्रेक नव्हता, लाव्हा नव्हता.

जमिनीची फुगवट उपग्रह आणि जीपीएसनं मोजतात, मिलिमीटरमध्ये. असेल तर लिहा.

तळ्याखालचं गाव

आपण माथ्याकडे बघत बसतो आणि खालची नदी विसरतो. तळं असलेल्या ज्वालामुखीत जास्त जीव पाणी घेतं. १९१९ मध्ये इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या केलुड ज्वालामुखीच्या उद्रेकानं विवरातलं तळं उसळून खाली आलं आणि त्या चिखललोंढ्यात पाच हजारांवर माणसं गेली. त्यानंतर बोगदे खोदून त्या तळ्याचं पाणी कमी करण्यात आलं. रुआपेहूचं उदाहरण तर उद्रेकाशिवायचं आहे. २४ डिसेंबर १९५३ ला विवराची कड फुटली, लोंढ्यानं तांगीवाईचा रेल्वे पूल कमकुवत केला आणि रात्रीची गाडी नदीत गेली. १५१ माणसं. मात्र १८ मार्च २००७ ला तशीच कड पुन्हा फुटली तेव्हा संवेदक बसवलेले होते, रस्ता आणि रेल्वे वेळेत बंद झाले आणि एकही जीव गेला नाही.

वहीच्या मागच्या पानावर त्या डोंगरावरून उतरणाऱ्या नदीचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. शेजारी आपल्या ओढ्याचा आणि वरच्या पाझर तलावाचा. तलावाच्या भिंतीखाली कुणाची घरं आहेत ते त्यांना पाठ असतं.

खुणा एकत्र वाचणे

आमचा नियम असा आहे: एक रकाना हलला तर लिहायचं आणि पुढच्या वेळी बघायचं. दोन रकाने एकाच दिशेनं हलले तर रोज नोंद सुरू करायची आणि दोन्ही मोजमापं तपासायची. तीन हलले तर अधिकृत निवेदन काय म्हणतं ते शेजारी लिहायचं. आपला निष्कर्ष गावात सांगायचा नाही. अधिकृत यंत्रणेलाही हे अवघड जातं. केलुडला २००७ मध्ये सर्वोच्च इशारा देऊन लोक हलवले, पण मोठा स्फोट न होता तळ्यातून लाव्हाचा घुमट वर आला. त्याच केलुडला १३ फेब्रुवारी २०१४ ला सर्वोच्च इशारा दिल्यावर दोन तासांच्या आत भीषण उद्रेक झाला.

आता आपली तिसरी वही

हादऱ्यांच्या वहीचे रकाने याच अनुभवातून ठरले. वेळ मोबाइलवरून, मिनिटापर्यंत. आधी आवाज की आधी हलणं. आवाज कसला: गडगड, धप्प, की टँकर गेल्यासारखा. किती सेकंद. सांगणारा माणूस त्या वेळी कुठे होता, बसलेला, झोपलेला की चालत होता. काय हललं: मांडणीवरची भांडी, पत्रे, टांगलेला दिवा, खाट. आणि कुणाला काहीच जाणवलं नाही तेही. "लई मोठा होता" हे वहीत लिहायचं नाही. "मांडणीवरून दोन तांबे पडले" हे लिहायचं.

नोंद त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, वेगवेगळ्या वाड्यांतल्या पाच घरी जाऊन घ्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची गोष्ट एकसारखी झालेली असते. मग राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या 'भूकंप' ॲपवर त्या वेळेची नोंद आहे का बघा, असेल तर तीव्रता आणि खोली वहीत उतरवा. नसेल तर "केंद्राकडे नोंद नाही" असं लिहा, कारण फार लहान हादरे तिथे येतीलच असं नाही. तिथेच तुम्हाला काय जाणवलं ते कळवण्याची सोय आहे, ती वापरा. विहिरीची पातळी आणि पाऊस याच वहीत महिन्याच्या महिन्याला चढवा. खोल मुरलेल्या पाण्याचा खडकातल्या दाबावर परिणाम होतो, आणि असे आवाज पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढतात का हे तपासायला नेमकी हीच आकडेवारी लागते.

एक गोष्ट पोटतिडकीनं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीत जे झालं, त्याच्या वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, त्याच परिसराला धक्के जाणवले होते. त्या धक्क्यांवरून पुढचं भाकीत करता आलं असतं असं मी म्हणत नाही, ते आजही कुणाला येत नाही. लहान धक्के बहुतेक वेळा लहानच राहून थांबतात. पण सुमारे दहा हजार माणसं ज्याखाली गेली, त्या मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची माळवदं होती, आणि भिंत बघायला भाकीत लागत नाही. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक नोंदीला एक शेवटचा रकाना आहे: भिंत. माळवदाच्या घरात कोपऱ्यात उभी भेग आहे का, भिंतीच्या दोन बाजू सुटून पोट आलंय का, तुळईचं टोक भिंतीत किती आहे. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहायची आणि पुढच्या हादऱ्यानंतर पट्टीनं अंतर मोजायचं. वाढलं असेल तर त्या घरातल्या माणसांनी बाहेर किंवा पत्र्याच्या खोलीत झोपावं, आणि ग्रामपंचायतीला व तहसीलला लेखी कळवावं. पोच घ्यावी.

आता उरतो तो सुट्टीचा प्रश्न. शाळा मे महिन्यात बंद होते आणि वही तुटते. आमची पहिल्या वर्षी सहा आठवडे तुटली. आता एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी वह्या हाती देतो: विहीर ज्यांच्या मळ्याशेजारी आहे त्या घरातल्या मुलाकडे बाटली आणि तापमापक, रुआपेहू एका दहावी झालेल्या मुलीकडे आणि हादऱ्यांची वही फाटकापाशी आलेल्या त्या आजींकडे. त्यांना लिहिता येत नाही, पण त्यांची नात लिहिते. परवा बघितलं तर शेवटच्या ओळीत होतं: "रात्री दोन वाजून दहा मिनिटं. आवाज धप्प, एकदा. भांडी हलली नाहीत. आजी जागी होती. भिंतीची भेग तेवढीच."